मंदामावशी डॉलर बघायला निघाली

भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या आमच्या कोन गावातून परदेशी गेलेले कमी नाहीत. कुणी आखातात वेल्डिंगचं काम करतंय, कुणाचा मुलगा जहाजावर आहे. पण आमच्या विहारातून एकदम अकरा जणांनी विमानाची तिकिटं काढली ती मागच्या जानेवारीत, पहिल्यांदाच. श्रीलंकेला जायचं, अनुराधपूरला बोधिवृक्षाला वंदन करायचं आणि आठ दिवसांनी परत यायचं, असा बेत होता. त्या अकरांत मी होते. मी भावना, गावातल्याच शाळेत शिकवते. आणि आमच्या मागच्या आळीतली मंदामावशी होती. निघायच्या आधीच्या एका आठवड्यात तिने जे केलं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे लिहितेय.

मंदामावशी जाधव, वय बावन्न, शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन कोनला आली तेव्हा भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात कांड्या भरायला जायची. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती भरायचं काम. चौदा वर्षं तिने ते केलं. मग तो मालक धंदा गुंडाळून गेला, लूम भंगारात निघाले. तोवर वडप्याला हायवेच्या दोन्ही बाजूंना ऑनलाइन मालाची गोदामं उभी राहिली होती. मावशी तिथे पॅकिंगला लागली.

तिथे लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाइकाने परत पाठवलेले महागडे बूट टेबलावर पडले होते. प्रितेश नावाचा नवा सुपरवायझर, कोवळा मुलगा, त्याने बारकोड स्कॅन केला आणि माल पास करून टाकला. मावशी शेजारून खोका घेऊन चालली होती. ती थांबली, एक बूट उचलून तिने टाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की हा आपण पाठवलेला बूट न्हाय. प्रितेश हसला. पण पोरगा प्रामाणिक, त्याने रॅकवरचा नवा जोड काढून शेजारी ठेवला. टाचेची शिवण वेगळी होती. खोका तोच होता, आतले बूट कुणीतरी बदलले होते. दुसऱ्या दिवसापासून मावशी रिटर्नच्या खात्यात गेली, ती अजून तिथेच आहे. मोबाइलच्या डब्यात साबणाची वडी, घड्याळाच्या डबीत रस्त्यावरचं घड्याळ, असलं रोज तिच्या हातातून जातं. नवीन मुली कामाला लागल्या की तीच त्यांना शिकवते. खोटा माल ती दाखवतच नाही. आठ दिवस नुसता खरा माल हाताळायला लावते.

श्रीलंकेची कल्पना निघाली तेव्हा पहिलं नाव मावशीने दिलं. तिचा नवरा तुळशीराम टेम्पो चालवतो. आयुष्यभर जमिनीवर गाडी चालवलेला माणूस, विमानाचं नाव काढलं तरी तो खाटेची कड धरायचा. पण त्याने बायकोला अडवलं नाही. तू जा आणि मला सगळं सांग, असं म्हणाला. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा मावशी ड्युटीवर होती. निरोप मिळताच ती गोदामाचं केशरी जाकीट अंगात तसंच ठेवून रिक्षाने घरी आली आणि त्याच जाकिटात तिने कागदांवर सह्या केल्या. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी तिने तो आळीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला. रंगूबाई नावाची ऐंशीची म्हातारी आहे आमच्याकडे, तिने तो उलटा धरून पाचएक मिनिटं पाहिला आणि फोटो चांगला आलाय म्हणाली.

निघायला बरोबर आठवडा उरला, त्या रविवारी विहारात बैठक झाली. बैठक दत्तूभाऊंनी घेतली. दत्तूभाऊ म्हणजे आमच्या सहलीचे पुढारी, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण कुठलीही वस्तू चार पैसे कमी करून आणली की त्यांची छाती फुगते. तिकिटं, राहणं, बस यांचे पैसे आधीच भरून झाले होते. वरखर्चाला प्रत्येकाने दोनशे डॉलर बरोबर घ्यायचे ठरलं होतं. ते तिथे उतरल्यावर बदलून घ्यायचे. दत्तूभाऊंनी सांगितलं की धामणकर नाक्यावर एक माणूस आहे, ओळखीतून कळलाय. तो बाजारापेक्षा डॉलरमागे तीन रुपये कमी घेतो, आणि पॅन कार्ड, तिकीट, अर्ज असली काही कटकट नाही. बुधवारी संध्याकाळी आणायला जायचं.

सगळ्यांना बरं वाटलं. मावशीने मात्र एवढंच विचारलं की नोट खरी हाय का खोटी ते कोण बघणार.

दत्तूभाऊ म्हणाले, "तू आहेस ना. तुझ्याएवढी पारख दुसऱ्या कुणाला आहे?"

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं, लोक हसले, आणि बैठक चहावर गेली. मावशी चहाला थांबली नाही. घरी जाताना रस्त्यात ती मला म्हणाली, "भावना, मी डॉलर जन्मात पायला न्हाय. खरा कसा असतो तेच म्हाईत न्हाय, तर खोटा वळखू कशी?"

मी तिला माझ्या मोबाइलवर डॉलरचा फोटो शोधून दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला. फोटोला हात लावता येत नाही, म्हणाली. मग तिथेच तिने ठरवलं की बुधवारच्या आत एक खरी नोट हातात घेऊन बघायची. तिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं होतं ते मला अजून आठवतं. शाळेत सहलीच्या आदल्या दिवशी पोरांचे चेहरे असतात ना, तसं.

सोमवारी ती अर्धी सुट्टी टाकून भिवंडीतल्या बँकेत गेली. खिडकीवरच्या माणसाला तिने सांगितलं की डॉलर बघायचाय. त्याला आधी कळेचना. मग तो म्हणाला की परदेशी नोटा आमच्या शाखेत ठेवत नाहीत, मीही कधी हाताळलेल्या नाहीत. तिथून ती आखातातून सुट्टीवर आलेल्या एका वेल्डरच्या घरी गेली. त्याच्याकडे दिऱ्हम होते, डॉलर नव्हते. तिने तेही उजेडात धरून पाहिले. संध्याकाळी गोदामात प्रितेशने आपल्या फोनवर तिला दोन व्हिडिओ लावून दिले. तिने ते नीट पाहिले, नोटेत काय काय बघायचं असतं ते ऐकून ठेवलं, पण समाधान होईना. शेवटी प्रितेशनेच शोधून सांगितलं की कल्याणला परवानाधारक परकीय चलनाचं दुकान आहे, रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो त्यांच्याकडे, तिथे नक्की असतील.

मंगळवारी तिची साप्ताहिक सुट्टी होती. माझी शाळा सकाळची. दुपारी आम्ही दोघी शेअर रिक्षाने कल्याणला गेलो.

दुकान लहानसंच होतं. काचेच्या पलीकडे रीमा नावाची मुलगी बसली होती, गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं लिहिलेलं होतं. समोर दोन गिऱ्हाइकं होती, फोन वाजत होता. आमची पाळी आली तेव्हा तिने पासपोर्ट आणि तिकीट मागितलं.

"विकत घ्यायला न्हाय आले," मावशी म्हणाली. "नुसती बघायची हाय. शंभराची, खरी."

रीमाने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेची बाई असल्याचं सांगितलं, गटाचं सांगितलं, मावशीचं काम सांगितलं. धामणकर नाक्याचा विषय मी टाळला, पण मावशीने तोही स्वच्छ सांगून टाकला. ते ऐकून रीमाच्या कपाळावर आठी पडली. बिनपरवान्याच्या माणसाकडून डॉलर घेणं हा गुन्हा आहे, नोट खरी असली तरी, असं तिने आम्हाला बजावलं. मग ती आत जाऊन साहेबांना विचारून आली, काचेखालच्या फटीतून एक नोट पुढे सरकवली आणि म्हणाली, "काउंटर सोडायचं नाही मावशी. इथेच उभं राहून पाच मिनिटं बघा."

मावशीने आधी पदराला बोटं पुसली. मग नोट घेतली. नोट दोन बोटांत धरून नुसती चोळली, कानाशी नेऊन हलवली, वास घेतला. मागच्या गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं. रीमा मात्र आता पुढे वाकली होती. तिलाही मजा वाटायला लागली असावी, कारण न विचारता ती सांगू लागली.

मधोमध उभी निळी पट्टी आहे, ती छापलेली नसते, कागदातच विणलेली असते. मावशीने नखाने पट्टीची कड चाचपली आणि मान हलवली. विणलेलं म्हटल्यावर तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या पट्टीत बारीक घंटा आहेत आणि शंभरचे आकडे आहेत. नोट पुढेमागे कलवली की घंटा सरकताना दिसतात. कोपऱ्यातला शंभराचा आकडा तांब्याच्या रंगाचा, कलवला की हिरवा होतो. नोटेवर एका कोटवाल्या म्हाताऱ्याचं चित्र आहे, त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं की खरखर लागते. उजेडात धरली की उजवीकडच्या कोऱ्या जागेत तोच चेहरा पुसट दिसतो, दोन्ही बाजूंनी. आणि डावीकडे कागदाच्या आत एक उभी रेघ आहे, जांभळ्या दिव्याखाली धरली तर ती गुलाबी चमकते. रीमाने तिच्या यंत्राखाली धरून तेही दाखवलं.

मावशी घंटांपाशी अडकली. पुढे, मागे, पुढे, मागे. मला हात लावून दाखवलं, "बघ, चालतात. बघ ना." मागच्या गिऱ्हाइकालाही राहवलं नाही, तो खांद्यावरून डोकावला. पेट्रोल पंपाचा मालक होता तो, मुलीकडे अमेरिकेला निघालेला, आणि त्यानेही हे कधी पाहिलं नव्हतं. मग मावशीने डोळे मिटले आणि रीमाला सांगितलं की पोरी, आता तुझ्याकडच्या शंभराच्या पाच नोटा एकेक करून माझ्या हातात दे. रीमाने दिल्या. मावशीने नुसत्या बोटाने प्रत्येकीवरचा म्हाताऱ्याचा खांदा शोधला. पाच मिनिटं म्हणून दिलेली मुभा अर्धा तास चालली.

परतताना रिक्षात ती गप्प बसूच शकत नव्हती. एवढासा कागद आणि त्यात केवढी कारागिरी, हे ती चार वेळा बोलली. रिक्षावाल्यालाही तिने ते हिंदीत समजावलं. घरी पोचल्याबरोबर ती दत्तूभाऊंकडे गेली आणि म्हणाली की कल्याणलाच घेऊ, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि हे बेकायदेशीरही हाय. दत्तूभाऊंना ते लागलं. मी शब्द दिलाय, माणूस ओळखीतला आहे, त्याने मला नमुन्याची नोटही दाखवली होती, असं ते म्हणाले. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते एवढंच, की मावशीने बरोबर यायचं आणि ती हो म्हणाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मला तेव्हाच अडून बसायला हवं होतं. बसले नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही ते तीन रुपये वाचायला हवे होते.

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं नाक्यावर उतरलो. पाची रस्त्यांवरून रिक्षा एकमेकींत घुसल्या होत्या, लूमचा खडखडाट गल्लीतून येत होता. मोबाइलच्या एका दुकानाच्या माथ्यावर, अरुंद जिन्याने वर, त्या माणसाचं ऑफिस होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याने सांगितलेलं खरं होतं की नाही तेही माहीत नाही. चाळिशीचा, बोलायला गोड. आम्हाला बसवलं, चहा मागवला, श्रीलंकेत हवा कशी आहे ते सांगितलं. मग ड्रॉवरमधून नोटांची गड्डी काढली आणि टेबलावरच्या यंत्राचा जांभळा दिवा लावून वरच्या दोन नोटा खाली धरल्या. दोन्हींवर रेघ चमकली. दत्तूभाऊंनी मांडीवरची सगळ्यांच्या पैशांची पिशवी उघडायला घेतली.

"भाऊ, पिशवी मांडीवरच राहू द्या," मावशी म्हणाली. "मी बघते."

ती गड्डी घेऊन खिडकीपाशी गेली. बाहेर अजून ऊन होतं. पहिली नोट कलवली, घंटा चालल्या. दुसरी, तिसरी, तशाच. मी श्वास सोडला. चौथी नोट तिने कलवली आणि परत कलवली. मग खांद्यावरून बोट फिरवलं, आणि ती नोट खिडकीच्या कठड्यावर वेगळी ठेवली. पाचवीही ठेवली, आणि पुढच्याही एकेक करून. ती काही बोलत नव्हती, चेहराही तसाच होता, गोदामात टेबलापाशी असतो तसा. शेवटच्या दोन पुन्हा चांगल्या निघाल्या. म्हणजे वरच्या आणि खालच्या खऱ्या, मधल्या साऱ्या खोट्या.

तो माणूस आता खुर्चीवरून उठला होता. "मावशी, मशिनीने पास केलेल्या नोटा आहेत त्या," तो हसत म्हणाला.

मावशीने मधली एक नोट आणून त्याच्याच दिव्याखाली धरली. रेघ चमकली, पण हिरवट. वरची नोट धरली, तिची गुलाबी. मग तिने कठड्यावरच्या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवून दाखवलं.

"या दोन्हींवर नंबर एकच हाय. एका नंबराच्या दोन वस्तू आमच्या गोदामातसुद्धा नसतात."

मी वाकून पाहिलं. खरंच, अक्षर न् अक्षर तोच नंबर. का कोण जाणे, मला ओरडून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पिशवी दत्तूभाऊंनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

त्या माणसाचा गोडवा गेला. तो आधी म्हणाला की वरून आल्या तशा दिल्या, मला काय ठाऊक. मग म्हणाला की ठीक आहे, खराब असतील तेवढ्या बदलून देतो, उद्या या, भाव अजून दोन रुपये कमी करतो. दत्तूभाऊंनी मावशीकडे पाहिलं. त्या पाहण्यात अजून थोडी आशा होती, ती मला दिसली. मावशीलाही दिसली.

"ज्या पेटीत एक चीज बदललेली निघते ती अख्खी पेटी परत जाते," ती म्हणाली. "चला भाऊ."

तो दाराशी आडवा येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. खाली दुकानात गर्दी होती, आणि मावशीने जिन्यावरूनच कुणाला तरी मोठ्याने हाक मारली. कुणाला म्हणून मी नंतर विचारलं. कुणालाच नाही, म्हणाली, आपली माणसं खाली हायत असं त्याला वाटावं. रस्त्यावर आल्यावर दत्तूभाऊ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तिच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले ते मावशीपुढे हात जोडायला लागले, तेव्हा तिने त्यांचे हात खाली केले आणि उसाचा रस मागवला. तीन ग्लास आम्ही तिथेच उभ्याने प्यायलो.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत जायचं तिने ठरवलं. आपण नुसते घरी बसलो तर उद्या दुसरा कुणी त्या जिन्याने वर जाईल, असं तिचं म्हणणं होतं. दत्तूभाऊंना भीती होती, कारण बिनकागदाचे डॉलर घ्यायला तेच गेले होते. मावशीने त्यांना चला म्हटलं नाही. आम्ही दोघीच निघालो. पण पोलीस स्टेशनच्या दारात पोचलो तर दत्तूभाऊ आधीच बाकावर बसलेले, इस्त्रीचा सदरा घालून. तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी स्वतः सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट. अधिकाऱ्याने त्यांना चांगलंच सुनावलं. मग मावशीचा जबाब घेतला. तिने दोन्ही नोटांवरचा तो एकच नंबर तोंडपाठ सांगितला. दिवसभर नंबर वाचणारी बाई, तिला लिहून घ्यायची गरज पडली नव्हती. अधिकाऱ्याने पेन थांबवून तिच्याकडे वर पाहिलं आणि पुन्हा सांगायला लावला. तिने पुन्हा सांगितला, तोच. दुपारी पोलीस नाक्यावर गेले तेव्हा वरच्या ऑफिसला कुलूप होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

शुक्रवारी आम्ही अकराच्या अकरा जण कल्याणला रीमाच्या दुकानात शिरलो. दुकानात मावलोच नाही, निम्मे फूटपाथवर. प्रत्येकाचा पासपोर्ट, पॅन, तिकिटाची प्रत यांचे गठ्ठे मावशीने रात्रीच रबर लावून करून ठेवले होते. रीमाने आम्हाला बघून कपाळाला हात लावला आणि आतून साहेबांना बोलावून आणलं. नोटा आल्या तशा मावशीने काउंटरवर एकेक पाहिल्या. साहेब म्हणाले की बाई, आमच्याकडच्या नोटा तपासायची गरज नाही. रीमाच म्हणाली, सर, बघू द्या त्यांना. बावीस नोटांत एक अशी निघाली की तिची कड जराशी फाटली होती. नोट खरी होती, पण फाटकी नोट तिकडे कुणी नाकारली तर, म्हणून मावशीने बदलून मागितली, आणि रीमाने लगेच बदलून दिली. हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं, असंही ती म्हणाली. पावत्या प्रत्येकाच्या नावाच्या मिळाल्या. बाहेर येऊन मावशीने आळीतल्या बायकांना फूटपाथवरच घंटा दाखवल्या. सगळ्या नोटा कलवत उभ्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. दत्तूभाऊ सगळ्यांना पैसे पर्समध्ये ठेवा, पर्समध्ये ठेवा म्हणून ओरडत होते.

रविवारी दुपारचं विमान होतं. तुळशीरामकाका स्वतःच्या टेम्पोने आम्हाला विमानतळावर सोडायला आले. बायका मागे हौद्यात सतरंजीवर बसल्या आणि कोनपासून विमानतळापर्यंत गाणी म्हणत गेल्या. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तेव्हा मावशीने माझा हात असा काही दाबला की बांगडी रुतली. मग ढगांच्या वर आल्यावर तिने खिडकीला नाक लावलं ते कोलंबो येईपर्यंत काढलं नाही. जेवणही तिने खिडकीकडे तोंड करूनच केलं.

कोलंबोच्या विमानतळावर पैसे बदलायच्या खिडक्या ओळीने होत्या. पलीकडच्या तरुणाने मावशीची नोट घेतली, उजेडात धरली, कलवली, म्हाताऱ्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. मावशी टाचा उंचावून त्याचं काम बघत होती. त्याने नोट गल्ल्यात टाकली तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं. बदल्यात तिला लंकेचे रुपये मिळाले. रंगीत, प्रत्येक नोटेवर एक पक्षी आणि एक फुलपाखरू. तिने त्या पंख्यासारख्या पसरल्या आणि बाकीच्यांची वाट बघत तिथेच एका बाकावर बसून एकेक पक्षी बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अनुराधपूरला पोचलो. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. बोधिवृक्षाकडे जाणाऱ्या वाटेवर एक बाई कमळं विकायला बसली होती, निळी आणि पांढरी, पाकळ्या उलगडून ठेवलेली. मावशीने अकरा कमळं घेतली, सगळ्यांसाठी, आणि तिला एक मोठी नोट दिली. त्या बाईने नोट घेतली, मावशीकडे एकवार पाहिलं, अनोळखी परदेशी बाई. मग नोट दोन्ही हातांनी ताणून सूर्याकडे धरली आणि डोळे बारीक करून नीट तपासली.

दत्तूभाऊंना ते आवडलं नाही. पण मावशी खाली उकिडवी बसली, त्या बाईच्या शेजारी, आणि तिच्या बरोबरीने मान वर करून नोटेकडे बघायला लागली. "बघ बाई, बघ," ती मराठीत म्हणाली. "बरं करतेस."

बाईला मराठी कळलं नसणार. तिने सिंहलीत काहीतरी उत्तर दिलं, बोटाने नोटेतली एक जागा दाखवली, आणि मावशी आणखी जवळ सरकली. आत जायची रांग पुढे सरकत होती. आम्ही हाका मारत होतो, कमळं हातात घेऊन.